मांडणीखाली सोडलेली जागा

बाबा, काल तुमच्या गॅरेजचं शटर उघडलं. किल्ली माझ्याकडेच होती, तुम्ही दिलेली, पण कुलूप इतकं गंजलं होतं की शेवटी तोडावंच लागलं. आपली बिल्डिंग पाडतायत. कोथरूडमध्ये आता दर गल्लीत एखादी तरी पाडलेली असते, त्यात आपला नंबर लागला एवढंच. भाडेकरूने फ्लॅट मागच्या महिन्यात सोडला, तिथलं सगळं आटपलं, राहिलं होतं ते गॅरेज. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुमच्या मागे आईला मी हडपसरला माझ्याकडे आणलं आणि फ्लॅट भाड्याने दिला. गॅरेज मात्र कोणाला दिलं नाही. का, विचाराल तर मांडणीवरचं सामान काढायचा कंटाळा. एक कंटाळा सोळा वर्षं पुरला बघा. मधे एकदा माझ्या घरातल्या जुन्या गाद्या ठेवायला जागा नव्हती, तेव्हा शटर अर्धं वर करून त्या आत ढकलून दिल्या होत्या. जमिनीवर. तुम्ही असतात तर माझी काही खैर नव्हती.

तुमची टांगती मांडणी अजून जशीच्या तशी आहे. कंपनीत तुम्ही सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होतात. बाहेरचा स्वस्त माल यायला लागला, कंपनीने सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली, आणि तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगायचात, "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची." स्टोअर मोडलं तेव्हा तिथल्या रॅकचे भोकाभोकांचे लोखंडी अँगल भंगारात निघाले. ते तुम्ही टेम्पोत घालून घरी घेऊन आलात. आईला वाटलं, झालं, यांचं डोकं फिरलं. मग आठवडाभर तुम्ही गॅरेजच्या स्लॅबला भोकं पाडत होतात. वरून सहा अँगल खाली सोडलेत, त्यांना आडव्या पट्ट्या बोल्टने आवळल्यात, त्यावर फळ्या टाकल्यात, आणि गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक अख्खी मांडणी छताला टांगून मोकळे झालात. घरात जे जे मावत नव्हतं ते तिच्यावर गेलं. गौरींच्या मुखवट्यांची पेटी, पापडाचे डबे, जास्तीची भांडी, माझी शाळेची पुस्तकं. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर तुमच्या अक्षरात वस्तूचं नाव आणि किती नग. खालची जमीन मात्र तुम्ही रोज झाडून मोकळी ठेवायचात, कारण तिथे गाडी येणार होती.

गाडी नव्हतीच आपल्याकडे. स्कूटर होती, ती बिचारी बाहेर जिन्याखाली भिजायची. आई म्हणायची, "अहो, खाली एवढी मोकळी जमीन पडलीय आणि मी पापडाच्या डब्यासाठी स्टुलावर चढतेय. पडले म्हणजे?" तुम्ही पेपरमधून मान वर न करता म्हणायचात, "पडू नकोस." मी कॉलेजात होते तेव्हा एकदा माझ्या जर्नल्सचं खोकं खालीच ठेवलं. आळस, दुसरं काय. तुम्ही मला दोन जिने उतरवून खाली नेलंत, खोकं माझ्या हातात दिलंत आणि स्टूल पुढे सरकवलंत. "जमीन गाडीची आहे." मी चिडून म्हटलं, "कुठली गाडी, बाबा?" तुम्ही म्हणालात, "येईल ती." मला तेव्हा तुमची लाज वाटली होती, खरं सांगते. घरी बसलेला माणूस, आणि गॅरेज राखतोय.

मग मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, तीही नेमकी हडपसरलाच. तुमची कंपनी होती तिथून दोन स्टॉप पुढे नवीन काचेच्या इमारती झाल्या होत्या. ऑफर लेटर घेऊन आले त्या दिवशी आईने शिरा केला. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, घडी घालून परत दिलंत आणि खिशातून गॅरेजची एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवलीत. तिलाही कार्ड होतंच: "गॅरेज. किल्ली. नग १." मी इतकी हसले की शिरा ठसक्याने नाकात गेला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आता तूच घेशील, बाळ."

घेतली मी. लग्न झालं, मुलगी झाली, हडपसरला घर झालं, मग गाडी. उंच टपाची, पांढरी. एका रविवारी ती दाखवायला घेऊन आले. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशी उभे होतात. आईने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, तळमजल्यावरचे काका बाहेर येऊन म्हणाले, "चला, गॅरेजला एकदाची गाडी मिळाली. आम्हाला वाटलं होतं, तिथे म्युझियम होणार." आणि तुम्ही वरपर्यंत गेलेल्या शटरखाली उभं राहून मला म्हणालात, "असं कर. तुझ्याकडे उघड्यावर लावतेस, ऊन, झाडाचा चीक, पक्षी. त्यापेक्षा शनिवारी इथे आण. इथे आत राहील. तुम्ही तिघंही राहा, सोमवारी सकाळी इथूनच ऑफिसला जा." सहज बोलल्यासारखं बोललात, पण वाक्य किती वर्षं पाठ केलेलं होतं ते मला कळलं.

बाबा, मी फार दमलेली असायचे हो त्या काळात. रोज परदेशातले कॉल, सकाळी पोरीचा डबा, सासूबाईंची औषधं. शनिवार हा एकच दिवस असा होता की ज्या दिवशी कोणी मला कुठे बोलावलं नाही तर मी वाचले. आणि तुम्ही तोच मागत होतात, दर आठवड्याचा. मी गाडी हळूहळू आत घेतली. तुम्ही समोर वाकून हात हलवत होतात, "येऊ दे, येऊ दे, अजून." मांडणीची पहिली फळी काचेवर आली तशी मी ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "टेकतंय, बाबा. टप घासेल." तुम्ही म्हणालात, "मला तर जागा दिसतेय." मी आवाज चढवला. "मी चालवतेय ना? टेकतंय म्हटलं ना!" काका बघत होते. तुम्ही हात खाली घेतलात. "बरं. तू चालवतेयस, तुलाच कळणार."

टेकत नव्हतं. खिडकीतून डोकं काढलं तेव्हा मला टप आणि फळी यांच्यामधली जागा स्वच्छ दिसली होती. चांगली चार बोटं होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गाडी मागे घेतली, रस्त्यावर लावली आणि चहाला वर आले. तुम्ही आला नाहीत, खालीच थांबलात. आई म्हणाली, "रुसलेत." मला बरंच वाटलं, रुसले तर रुसले, विषय तर संपला. नंतर मी यायचे ती दोन-तीन महिन्यांतून एकदा, तासाभरासाठी. दर वेळी तुमचा प्रश्न ठरलेला, "गाडी कुठेय?" "रस्त्यावर लावलीय, लगेच निघायचंय." "आत लाव की." "मावत नाही म्हटलं ना, बाबा!" त्यावर तुम्ही म्हणायचात, "बघ तरी एकदा." मी आईकडे बघून डोळे फिरवायचे. त्या थंडीत तुमचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना, आई रोज तेल लावायची. मी फोनवरून फिजिओथेरपीचा सल्ला दिला आणि वयाप्रमाणे होतंच असं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "हो, वयच ते." दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर माझी गाडी त्या शटरच्या आत एकदाही आली नाही.

काल मी घडीची शिडी घेऊन गेले होते. वरचे डबे काढता काढता मागच्या कोपऱ्यात सुतळीने बांधलेला लोखंडाचा जुडगा हाताला लागला. अँगलचे कापलेले तुकडे. त्याला कार्ड: "मांडणी उचलली तेव्हाचे तुकडे. ९ इंची. नग ६." मला काही कळेचना. खाली उतरून बघितलं तर फळी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. सहाही अँगलची खालची टोकं करवतीने कापलेली, वर लाल रंग मारलेला. मांडणी नऊ इंच वर गेली होती, आणि मधे त्या गाद्या ढकलताना मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. मग टॉर्च घेऊन भिंत शोधली, कारण तुम्ही मोजलं म्हणजे कुठेतरी लिहिणारच. स्विचच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं होतं. "बाळची गाडी ५-६. फळी ५-९. शिल्लक ३ इंच." त्याखाली, "फळी ६-६ केली."

शिल्लक तीन इंच. मी वर चहा पीत होते तेव्हा तुम्ही रस्त्यावर टेप घेऊन माझी गाडी मोजत होतात. म्हणजे त्याच दिवशी, चहा गार व्हायच्या आत, तुम्हाला कळलं होतं. तुमचं माप कधी चुकलंय?

तळमजल्यावरचे काका अजून आहेत, आता काठी लागते, जीभ तशीच आहे. त्यांना विचारलं, "काका, बाबांनी ही मांडणी एकट्याने उचलली?" "एकट्याने? मग शिडी कोणी धरली होती, महापालिकेने?" म्हणाले, दोन दिवस चाललं होतं. सगळे डबे खाली, बोल्ट सोडायचे, एकेक टोक खांद्यावर घेऊन वर सरकवायचं, परत आवळायचं, खाली लोंबणारी अँगलची टोकं कापायची, सगळे डबे वर. गुडघ्यांमुळे आई तेव्हा सहसा जिना उतरत नव्हती, तिला पत्ताच नाही. "मी म्हटलं त्यांना, अहो, मोजलीत ना गाडी? मावतेय की! मुलगी गाडी आणणार आहे की हत्ती?" मी विचारलं, "मग बाबा काय म्हणाले?" काकांनी काठीने वरची फळी दाखवली. "म्हणाले, नवीन गाडी आहे, तिला भीती वाटली असणार. भीती वाटू नये इतकी जागा करून ठेवू."

तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं का, बाबा? की शेजाऱ्यासमोर माझी बाजू सांभाळलीत? मी काल संध्याकाळपासून हेच उलटंसुलटं करतेय आणि आता डोकं चालत नाही. तुम्ही मला चार शब्द सुनावले असतेत तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित एखाद्या शनिवारी आलेही असते. तुम्ही "बघ तरी एकदा" एवढंच म्हणत राहिलात. मला फार वाईट वाटतंय, बाबा. आई आता विचारत होती, "काय काय निघालं गं वरून?" मी म्हटलं, "नेहमीचंच." तिला हे सांगायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय; तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही, याचाही थोडा आधार आहे.

उद्या माणसं येऊन मांडणी उतरवतील. ते सहा तुकडे मी घरी आणलेत, कार्डासकट. आणि एक राहिलं. काका आत गेल्यावर मी रस्त्यावरून गाडी काढली, शटरपर्यंत आणली. म्हटलं, एकदा तरी आत घ्यावी, तुमच्या फळीखाली. वर जागाच जागा होती. खाली माझ्या गाद्या पडल्या होत्या. मी इंजिन चालू ठेवून जरा वेळ बसले, मग गाडी मागे घेतली आणि परत रस्त्यावरच लावली.