पोस्टमनची केस

प्रिय डॉक्टरीणबाई,

हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. परवाना हातात येईपर्यंत मला डॉक्टर म्हणू नका, असं तू मला कितीदा बजावलंस आणि मी कितीदा ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या हाती देते आहे. काल फोनवर तू त्याला म्हणालीस की परवान्याच्या पेपरला बसत नाही, मला घरी घेऊन चल. तो लगेच गाडीत पेट्रोल भरून आला. बायकोने हाक मारली की तो मागचापुढचा विचार करत नाही, अगदी बापावर गेलाय. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे तुझं रडणं मला ओट्यापाशी ऐकू आलं.

सकाळी वाचलेलं संध्याकाळपर्यंत राहत नाही, म्हणालीस. सराव परीक्षेत औषधांचे डोस उलटेपालटे लिहिले, किडनीच्या प्रश्नांत गोंधळ झाला. अभ्यासासाठी राहिलीस त्या वसतिगृहातल्या बाकीच्या मुली नुकत्याच पदवी घेऊन आलेल्या, आणि आपलं डोकं मात्र लेकीच्या आजारपणात आणि संसारात गंजून गेलं. मागच्या खेपेला थोडक्यात हुकलं तेव्हा मी काही बोलले नाही. पण या खेपेला तू पेपर न देता परत आलीस, तर पुन्हा फॉर्म भरणार नाहीस. पुस्तकं माळ्यावर जातील आणि तू हसून सगळ्यांना सांगशील, बरं झालं, कटकट गेली. ते हसू मला बघायचं नाही.

आपल्या दुपारी आठव जरा. नात शाळेत गेली, जेवणं उरकली, की टेबल पुसून तू पुस्तक माझ्या हातात द्यायचीस आणि मी पेशंट व्हायची. माझा उभा जन्म बुटांच्या दुकानात गेला. बूट चावतोय हे गिऱ्हाईक कधी आल्या आल्या सांगत नाही, आधी रंग आवडला नाही म्हणतं. म्हणून मी पेशंटही तसेच करायची. छातीत दुखणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला मी दोन गावांत दोन संसार थाटून दिले, तेव्हा तू वैतागून म्हणालीस, आई, त्याच्या भानगडी राहू द्या, आधी मला ईसीजी काढू द्या. मी पोटाला उशी बांधून सात महिन्यांची गरोदर झाले, रक्तदाब वाढलेली, पाय सुजलेली, त्या दिवशी तुझ्या सासऱ्यांना हसून हसून ठसका लागला आणि आपण दोघींनी त्यांनाच तपासायला घेतलं. नातीने तर वर्गातल्या मैत्रिणीचं पोट दुखायला लागलं तेव्हा बाईंना सांगायच्या आधी तिलाच विचारलं, बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं का. बाईंची चिठ्ठी आली होती घरी.

सुरुवातीला तू फार घाई करायचीस. दोन लक्षणं ऐकली की उत्तर तोंडावर फेकायचीस. मग हळूहळू थांबायला लागलीस, माझ्या पेशंटांची बडबड निमूट ऐकायला लागलीस. हे तुझं तुला कळलं नसेल, मला समोर बसून दिसत होतं.

त्या म्हाताऱ्या पोस्टमनची केस आठवते? सकाळी दोन्ही खांदे आणि कंबरेखालचे सांधे आखडलेले, शर्टाची बाही चढत नाही, दुपारपर्यंत जरा सैल होतं, घरचे म्हणतात वय झालं. तू पेन खाली ठेवलंस. किती वेळ आखडतं, वजन उतरलंय का, ताप येतो का, सगळं विचारलंस. मग सावकाश तीन प्रश्न केलेस: डोकं दुखतं का, चावताना जबडा दुखतो का, नजर अंधुक होते का. मी तिन्हींना नाही म्हटलं तेव्हा तुझा चेहरा सैलावला. म्हणालीस, आजोबा, हे नुसतं वय नाही. अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी करा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइडचा लहान डोस घ्या, थोड्याच दिवसांत फरक पडेल. पण नजरेला काही झालं तर तसेच उठून या. आणि मग इतके महिने अंगावर काढलंत म्हणून त्या पोस्टमनला तू असं फैलावर घेतलंस की मलाच ओशाळायला झालं. नंतर तू ती केस खूण करायला पुस्तकात शोधत होतीस. मी दूध उतू जातंय असं सांगून तुला उठवलं.

पुस्तकात ती नव्हतीच. तो पोस्टमन मी होते. गेले कित्येक महिने माझी वेणी नात घालत होती, आणि तिला वेणी शिकवतेय असं मी सगळ्यांना सांगत होते. तुला दिसलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, लपवण्यात मी पटाईत आहे. खरं सांगितलं असतं तर तू पुस्तक मिटून मला घेऊन दवाखान्यांत फिरत बसली असतीस. तू वसतिगृहात गेलीस आणि मी ह्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी तेच तीन प्रश्न विचारले, तीच तपासणी लिहून दिली, तीच गोळी दिली. गोळी सुरू होऊन आठवडाही झाला नाही आणि आज सकाळी मी माझे केस माझ्या हाताने विंचरले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, इथे यायला कोणी सांगितलं, तर मी म्हटलं, आमच्या घरच्या डॉक्टरांनी. हे सगळं तुला परीक्षा संपल्यावर सांगायचं ठरवलं होतं, पण काल तू म्हणालीस की माझ्या डोक्यात काही राहत नाही, आणि मग मला गप्प बसवेना. तुझ्या नवऱ्याला बजावून ठेवलंय की पत्र द्यायचं, तू वाचून होईपर्यंत थांबायचं आणि एकट्याने परत यायचं. परवा पेपरात जे पेशंट भेटतील त्यांनाही माझ्यासारखंच पुरतं बोलू दे.

तुझीच पेशंट,
आई