बारा लाखांच्या मेंढ्या

११ ऑगस्ट, सोमवार

गुंडाप्पाची प्रतीक्षा डॉक्टर होणार! यादी लागली. कॉलेज खासगी, पण नंबर सरकारी फेरीतून. म्हणजे फी सरकार भरणार — घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर. गुंडाप्पा माकणीला धरणाच्या कडेनं मेंढ्या राखतो. त्याचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे हे कोणीही त्याच्या चपलेकडं बघून सांगेल. पण चपलेवर तहसीलदाराचा शिक्का नसतो. दाखला काढावा लागेल.

पेढे घेऊन स्वतः आला होता लोहाऱ्याला. "शास्त्रीबाबा, तुमी पेपरात लिवलं तवापासनंच आमचे दिस फिरले बगा." मी मान थोडी झुकवली. सवय आहे. सात वर्षं पाठशाळेत घोकलं त्याचं फळ एवढंच — तालुका शास्त्री म्हणतो आणि संपादक जाहिरात किती आणली ते विचारतो.

बातमी धाडली. शीर्षक साधं दिलंय — 'मेंढपाळाची कन्या होणार डॉक्टर'. डेस्कवाल्यांनी हात लावला नाही म्हणजे मिळवलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लावला. 'माळरानावर उमलला वैद्यकीय गुलाब.'

१८ ऑगस्ट, सोमवार

तौसिफचा फोन. सेवा केंद्र चालवतो, तालुक्यातले निम्मे दाखले त्याच्या स्कॅनरखालून जातात. "काका, प्रतीक्षाचा उत्पन्नाचा दाखला परत आला. कारण तुम्ही आहात."

गेलो. प्रकरण असं — तलाठ्यानं अहवाल बरोबर दिलेला, वर्षाला लाखभर रुपये. पण गुंडाप्पानं अर्जाला एक कागद आपल्या मनानं जोडला. दोन वर्षांपूर्वीची माझी यशोगाथा! 'मेंढीपालनातून वर्षाला बारा लाख — माकणीच्या गुंडाप्पांची भरारी.' लॅमिनेट केलेली, फोटोसकट. तौसिफ म्हणाला होता त्याला, "चाचा, हे कशाला?" तर म्हणे, "आसू दी. आपन कोन हाव ते सायबाला कळाय नगं?"

कळलं. साहेबानं शेरा मारला — 'अर्जदाराने स्वतः सादर केलेल्या वृत्तपत्रीय कात्रणानुसार वार्षिक उत्पन्न रुपये बारा लक्ष. सबब दाखला देता येत नाही.'

'सबब' हा शब्द फार दिवसांनी इतका नेमका बसलेला पाहिला.

प्रवेशाची मुदत २९ तारीख, संध्याकाळी पाच. तोवर दाखला नाही तर वर्षाची फी स्वतः भरायची — नऊ लाख साठ हजार. नाही भरली तर जागा पुढच्या मुलाला.

बारा लाख आले कुठून ते इथं नोंदवून ठेवतो. कळपात दोनशे चाळीस मेंढ्या होत्या. बाजारभाव पाच हजार. मी गुणाकार केला. त्यातल्या दीडशे दुसऱ्यांच्या, वाट्यानं राखायला दिलेल्या. आणि उरलेल्या काही तो दरवर्षी सगळ्या विकत नाही — विकल्या तर पुढच्या वर्षी काय राखणार? तर गुणाकार बरोबर होता. मेंढ्या कुणाच्या एवढं विचारायचं राहिलं. नजरचूक.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तहसीलला वैजनाथकडं बसलो. अव्वल कारकून, मोकळेपणानं बोलणारा माणूस. मला पाहिल्याबरोबर, "या, या! तुमच्याच बातमीवर आज कारभार चाललाय आमचा."

म्हटलं, तो आकडा धरू नका.

"का हो? पेपर खोटा म्हणू?"

"खोटा नाही. थोडा अलंकारिक."

"अलंकारिक दाखला देता येत नाही, शास्त्रीबुवा." मग आवाज खाली आणून, "मी सोडला असता. पण तो कागद अर्जाला जोडलाय, नंबर पडलाय त्याला. उद्या कुणी माहिती अधिकारात मागितला तर नोकरी माझी जाईल का तुमची?" माझ्याकडं नोकरी नाहीच, हे दोघांनाही ठाऊक. दोघंही हसलो.

उपाय त्यानंच सांगितला. मी लेखी जबाब द्यायचा की आकडा चुकीचा होता. आणि त्याच पेपरात खुलासा छापून आणायचा. गुंडाप्पानं सही करायची — आपलं उत्पन्न बारा लाख नाही म्हणून.

सोपं वाटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

सोपं नाही. गुंडाप्पा परस्पर बँकेत जाऊन आला. कात्रण घेऊन!

बँकेचा मॅनेजर नवा आहे, नाशिककडचा. कात्रण वाचून उठून उभा राहिला म्हणे. खुर्ची दिली, चहा मागवला. अख्ख्या शिक्षणाचं कर्ज, त्रेचाळीस लाख — चार एकर जमीन तारण, घरातलं कुणी नोकरदार सोबत सहीला. "बारा लाखांचं उत्पन्न आहे, मग काळजी कसली?"

एकच कागद. तहसीलमध्ये त्यानं दार लागतं, बँकेत उघडतं. गेली अठ्ठावीस वर्षं लिहितोय, माझ्या मजकुराचा इतका परिणाम आजवर कुठं झाला नव्हता.

गुंडाप्पा खुशीत. "सरकारच्या फुकटच्या फीची गरज काय आपल्याला? बँकच म्हनती म्या बारा लाखाचा मानूस हाय."

म्हटलं, "गुंडाप्पा, तुम्ही आहात का बारा लाखांचे?"

"तुमीच लिवलंय की!"



२१ ऑगस्ट, गुरुवार

माकणीला गेलो. उद्याच्या पोळ्याची गडबड गावात. गुंडाप्पाकडं बैल नाही, तो निवांत. प्रतीक्षा बाहेर बाजेवर बसून वहीत हप्त्याचा हिशोब करत होती. वही माझ्यापुढं सरकवली. "काका, हे बरोबर आहे का बघा." बरोबर होतं. शिकून झाल्यावर महिन्याला पन्नास हजारांवर हप्ता, पंधरा वर्षं. सरकारनं फी भरली तर उरतो फक्त हॉस्टेल-मेसचा खर्च, त्याला छोटं कर्ज पुरतं.

"म्हणजे मी चाळीस वर्षांची होईपर्यंत आप्पांच्या फोटोचे पैसे फेडायचे," म्हणाली. आवाज चढवला नाही. वही मिटली.

गुंडाप्पानं ऐकलं. आत भिंतीकडं बघत राहिला — तिथं यशोगाथा फ्रेम करून लावलीय. शेजारी अणदूरच्या मेळाव्यातला फोटो. गळ्यात शाल, बाजूला कुणी पुढारी. त्या शालीसाठी त्याला स्टेजवर बोलावलं होतं ते माझाच लेख वाचून. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं असेल चारचौघांत.

मग विचारलं त्यानं. "खुलासा आला तर ती शाल परत मागत्याल का?"

नाही मागत, म्हटलं.

"मेंढ्यांचे मालक हासत्याल. म्हनत्याल, आमच्या मेंढ्यांवर बारा लाखाचा मानूस झाला हुता."

हसतील. विषय सोडून पाणी मागितलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळीच गुंडाप्पा आणि त्याची बायको अयोध्या, दोघं दारात. तो खाली मान घालून. ती बोलली. दोन वर्षांत तिचं बोलणं मी प्रथमच ऐकलं — यशोगाथेत मी तिच्या तोंडी चार वाक्यं घातली होती, ती तिची नव्हती हे आज कळलं.

"रातभर सांगितलं ह्यास्नी. त्या शालीनं एक दिस तरी थंडी ग्येली का तुमची? पोरीच्या गळ्यात त्रेचाळीस लाख बांधून तुमी भित्तीवरलं चित्तर जपनार व्हय?"

गुंडाप्पा म्हणाला, "लिवा, शास्त्रीबाबा. गरीब म्हनून लिवा. पन लई गरीब नगं."

आमच्या सौभाग्यवती आतून चहा घेऊन आल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यांना मधलं काही लिहिता येत नाही, गुंडाप्पा. सवय नाही."

दीपालीला पत्रकारितेचं शिक्षण नाही. दृष्टी मात्र आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

संपादकांना फोन. खुलासा म्हटल्यावर — "यशोगाथेचा खुलासा? अहो, आपली एकही यशोगाथा आजवर अपयशी झालेली नाही!"

म्हटलं, ही झाली.

"मग संपादकीय जागेत नाही जमणार. जाहिरात द्या. छोट्या जाहिरातीच्या दरानं."

दिली. स्वतःच्या खिशातून. माझ्या भागातली जाहिरात म्हणून त्यावर मला पंधरा टक्के कमिशन. माझ्याच चुकीच्या दुरुस्तीतून मलाच कमाई! यालाच वृत्तपत्रसृष्टीत उपजीविका म्हणतात.

मजकूर मीच लिहिला. चार ओळी. 'नजरचुकीने' हा शब्द घातला. वकील मित्रानं सांगितलं, तो असला की पुढचं निस्तरतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

छापून आलं. सातव्या पानावर, हरवलेल्या गाईच्या खाली. वैजनाथकडं अंक आणि जबाब दिला. गुंडाप्पानं सही केली. खिडकीवरच्या कारकुनानं मोठ्यानं वाचून दाखवलं — 'माझे उत्पन्न रुपये बारा लक्ष नसून...' ओळीतले सगळे ऐकत होते. एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "आरं, तूच का त्यो? म्या पन तुझ्यावानी मेंढ्या घेनार हुतो, पेपर वाचून!"

गुंडाप्पा त्याला म्हणाला, "घ्या की. पन सोताच्या घ्या."

उद्या गणपती, सुटी. परवा या, म्हणाला वैजनाथ.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दाखला मिळाला. दुपारी साडेतीनला. वैजनाथनं शिक्का मारून हातात देताना, "घ्या. अलंकार काढून."

प्रतीक्षा आणि तिचे आप्पा रात्रीच्या गाडीनं कॉलेजला निघाले. येडशी स्टेशनवर तौसिफनंच सोडलं, मोटारसायकलवर तिघं. पोरीनं दाखल्याची फाइल पोटाशी धरलेली, म्हणाला. कपड्यांची पिशवी मात्र पायाशी लोंबत होती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रवेश झाला. चार वाजून दहा मिनिटांनी. पोरीचा मेसेज — 'काका झालं.' पुढं काही नाही. पूर्णविराम तेवढा होता.

१ सप्टेंबर, सोमवार

हॉस्टेलच्या खर्चाचं कर्ज मंजूर. तारण नाही. मॅनेजर खट्टू झालाय. गुंडाप्पाला म्हणाला, "तुम्ही आधी सांगायचं ना!" या वेळी चहा नाही मागवला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज तीन फोन. तिघंही माझे जुने 'प्रगतिशील शेतकरी'. तिघांनी सातवं पान वाचलंय. आमचा पण खुलासा टाका म्हणतात — एकाला घरकुल हवंय, एकाला शिष्यवृत्ती, तिसऱ्याच्या मागं जावई लागलाय उसने पैसे द्या म्हणून. दीपाली म्हणते, आता 'अपयशगाथा' नावाचं सदर काढा. कमिशन चांगलं मिळेल.

हसलो. हिशोब केला तर वाईट नाही.

७ सप्टेंबर, रविवार

अणदूरहून बसप्पा आला. चार वर्षांपूर्वी त्याची यशोगाथा छापली होती — रेशमाच्या शेतीतून दहा लाख. मी आपणहून म्हणालो, "बसा. तुमचाही खुलासा देऊन टाकू."

बसला नाही. "नगं. आता उपेग न्हाय. आमच्या पोरीचा, मोनिकाचा, नंबर लागला हुता दोन वर्सामागं, डॉक्टरकीलाच. दाखला न्हाय मिळाला. तुमचं कात्रण आमी बी अर्जाला जोडलं हुतं. कशापायी ते आमाला कुनी सांगितलंच न्हाय, ते तुमचा खुलासा वाचल्यावर ध्यानात आलं. तिचं लगीन झालं. बरी हाय." जायला वळला, परत फिरला. "यवढंच इचारायला आलोय. आमचा आकडा लिवताना त्यो खोटा हाय, हे तुमाला तवा ठावं हुतं का?"

मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे, बघावं लागेल.

बरं, म्हणाला. गेला.

ठाऊक होतं. गुंडाप्पाच्या वेळीही.