उंबामामाचे देणे

रविवार, ३ ऑगस्ट

मामाला आज पुलावर अडवले! आपल्याच माणसांनी!

"काय रे पलीकडच्या, खेळ तिकडे नि जेवण इकडे?" कोणीतरी ओरडले. मामा हसला. "बहिणीच्या रताळ्यांना नदी कळत नाही, बाबांनो!" तेही हसले, आणि वाट मिळाली. मी मागे उभी राहून स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. असे उत्तर मला जन्मात सुचणार नाही.

यंदा रग्बीचा अंतिम सामना आपला आणि वाघी नदीपलीकडच्यांचा आहे. आणि त्यांचा प्रशिक्षक — आपला उंबामामा.

मंगळवार, ५ ऑगस्ट

अभ्यासाचे पुस्तक उघडे, चित्त मामाकडे.

बाबा गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली, तेव्हा मामा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळत होता. आपल्या देशाच्या संघाचा लाल-पिवळा सदरा चढवणारा आमच्या खोऱ्यातला पहिला खेळाडू! परतला तेव्हा समोरचे दोन दात नव्हते, पण माझ्यासाठी जाडजूड शब्दकोश होता. "मला डोकं आपटता येतं, तुला वापरता येतं. घे!"

पुढे तो आपल्या संघाचा कर्णधार झाला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पकडीत पलीकडच्या गिग्माईचे कंबरेचे हाड मोडले. पकड नियमातलीच होती, तरीही मोडले. रिवाजाप्रमाणे भरपाई म्हणून आपण डुकरे नेली. त्यांनी ती परत पाठवली. "डुकरं खाऊन संपतील. आमचा खेळाडू गेला, तुमचा द्या. आम्ही करंडक उचलेपर्यंत ह्यानं आम्हाला शिकवायचं." गावात शब्द चालतो थोरल्या मामांचा; ते म्हणाले, देणे ते देणे. उंबामामा त्याच दिवशी पलीकडे गेला. रविवारी जेवायला तेवढा इकडे येतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

थोरल्या मामांनी आज सर्वांसमक्ष सांगितले — करंडक पलीकडे गेला, तर उंबाने पुन्हा पूल ओलांडायचा नाही. सख्खा भाऊ! आई चुलीशी बसून होती. एक शब्द बोलली नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज बोलली. "जा, त्याला म्हणावं, हर. आणखी एक वरीस काढ तिकडे, पण येण्याजाण्याची वाट राहू दे."

हा निरोप घेऊन मी गेले! पलीकडे सराव चालला होता. खेळाडू पडत होते, उठत होते, पुन्हा पडत होते. चेंडूला कोणी हातही लावत नव्हते. गिग्माई खोक्यावर बसून शिट्टी वाजवत होता, काठी शेजारी.

"पडल्याची शिट्टी नाही रे!" मामा खेळाडूंवर ओरडला. "उठल्याची आहे!"

मी कसाबसा निरोप सांगितला. मामा चिखलाच्या हातांनी डोके खाजवत राहिला. "ताईला सांग, हरायला मी शिकवलं असतं गं. पण ते मलाच येत नाही."

शनिवार, २३ ऑगस्ट

ते जिंकले.

आपण दोन गुणांनी पुढे होतो, वेळ संपत आली होती. आपली माणसे त्यांना पाडत होती. ते उठत होते. दर वेळी आपल्याआधी! शेवटी एका बुटक्याने रेषेपलीकडे चेंडू टेकवला. मी कोणासाठी ओरडणार? नेहमीप्रमाणे ओरडलेच नाही.

आपला कर्णधार चिखलात पडून होता. मामाने त्याला हात दिला. त्याने तो धरला — मग आपल्या लोकांकडे पाहिले, आणि सोडला.

रविवार, २४ ऑगस्ट

रताळी उरली.

सोमवार, २५ ऑगस्ट

मामाचे कपडे पोहोचवायला गेले. तो मैदानावर होता. त्याच्या तिकडच्या घराच्या दारात गिग्माई भेटला. मी म्हणाले, देणे फिटले एकदाचे.

"देणं?" तो हसला. "ते पहिल्याच वर्षी फिटलं. मीच म्हटलं होतं त्याला, जा बाबा घरी. राहिला तो आपल्या मनानं."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"देणं होतं म्हणून तुमची माणसं त्याला पुलावरून येऊ देत होती. हौसेनं राहिलाय म्हटल्यावर येऊ दिलं असतं होय? दर रविवारी इथून तुमच्याकडं जेवायला निघताना बघितलंयस त्याला? पोरासारखा पळत सुटायचा."

मामा आला तेव्हा मी त्यालाच विचारले. तो बुटांचा चिखल काढू लागला. मग म्हणाला, "खेळत होतो तेव्हा मी एकटा उठायचो, भाची. आता संघाचे तेराही जण उठतात."

घरी येऊन आईला सांगितले. तिने निखाऱ्यावरचे रताळे उलटवले. "ठाऊक होतं मला. देणं फेडणारा माणूस असा हसत जेवतो होय?"

रविवार, ३१ ऑगस्ट

आईने भाजलेली रताळी केळीच्या पानांत बांधली, जाळीची पिशवी पाठीला लावली आणि निघाली. मी मागोमाग. पुलावर थोरले मामा उभे होते. "कुठं निघालात?"

आई थांबली. तेवढ्यात कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "बंदी उंबामामाला आहे, थोरले मामा. आम्हाला नाही."

ती मी होते!