टाचेखालची जमीन

दि. ४ जून

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

धप्, धप्, धप्. शाळेच्या लाकडी मंचावर तुझ्या आईच्या अनवाणी पायांचा तो आवाज अजून कानात आहे. कवितेच्या तासाला मी मुद्दाम खिडकीपाशी बसायचो. इकडे बाई कविता म्हणत आणि पलीकडून ताईची टाच तिला ताल देई. पुढे तिचा सराव एका चकचकीत फरशीवर सुरू झाला. खाली नुसतं सिमेंट. पाऊल पडलं की सगळा मार परत गुडघ्यात. ऐन तिशीत नाच सुटला.

म्हणून सांगतो, तुझ्या नृत्यवर्गात फरशी नको, लाकूडच घाल. आणि आमच्या मंचासारखं मेणानं घासून आरसा कर त्याचा! जेवणाची हेळसांड करू नकोस. म्हाताऱ्यावर माया राहू दे.

तुझा मामा

दि. १९ जून

ती. मामास भाचीचा सा. न.

तुझं मेण तुलाच लखलाभ! जमिनीचा आरसा झाला, आणि पहिल्याच गिरकीला मी त्यात तोंड पाहायला आडवी झाले. सुतारकाकांनी हसू दाबत विचारलं, हा सल्ला देणारे गृहस्थ नाचतात का? मग दोघांनी मिळून सगळं खरवडलं. आता लाकूड कोरडं आहे. पाय घसरत नाही आणि अडतही नाही. खाली रबराचे तुकडे, त्यांवर पट्ट्या, मग फळ्या. उडी मारली की जमीन जराशी दबते, अलगद वर येते.

पण आई यायला तयार नाही. लोकांच्या मुलींचे गुडघे मोडायचा धंदा मला बघायचा नाही, म्हणाली. फोनवर रबराचं सांगायला गेले तर तिनं मिक्सर लावला! मामा, एक तारखेला वर्ग सुरू होतोय. या जमिनीवर ती एकदा उभी राहिली नाही, तर मुलींना पहिलं पाऊल टाकायला सांगायचा मला धीर होणार नाही. तू तिच्या शेजारच्या गल्लीत राहतोस. तुझं ऐकेल ती.

रागावले नाही हं. तूही रागावू नकोस.

भिंगरी

दि. २९ जून

चि. भिंगरे, आशीर्वाद.

ताई माझं ऐकते ही बातमी मला नवीनच! माझी पहिली कविता तिनं ऐकली, तीही वेणी घालून होईपर्यंत. तरी काल तिला रबर, पट्ट्या, फळ्या, सगळं समजावलं. कवीच्या तोंडून सुतारकाम ऐकायची वेळ आली, म्हणाली आणि उठून आत गेली. आता तूच मन घट्ट कर, पोरी. जमीन तू नीट निवडलीस, एवढं

इतकं लिहिलं आणि बेल वाजली.

दारात ताई! माझे तीन जिने या गुडघ्यांनी ती कधी चढली नव्हती. धापा टाकतेय, हातात दुपारच्या गाडीची दोन तिकिटं. म्हणते, तुम्हा मामा-भाचीच्या बोलण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पोरींना उभं करायच्या आधी मी स्वतः त्या जमिनीवर नाचून बघणार. ऊठ, शर्ट बदल.

पत्र टपालात टाकत नाही. घेऊनच येतो.