चित्राखालचं पान

नांदे,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सौ. उत्कर्षा वहिनींना सायलीचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा जिना आला की तेवढा कुरकुरतो. दादा सकाळी भाताच्या झोडणीला आणि संध्याकाळी भाडेकरूंच्या तक्रारींना, असा दोन पाळ्यांत राबतो आहे. वरच्या खोलीतल्या कंपनीवाल्या मुलांनी पुन्हा नळ चालू ठेवून टाकी रिकामी केली. आईने त्यांना दारात उभं करून जे सुनावलं ते त्यांना निम्मंच कळलं असेल, पण मुलं माना खाली घालून उभी होती.

तुम्हाला दिवसभर पडून राहायला सांगितलंय हे कळलं. तुम्ही आणि पडून राहणं, माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. सातवा सरला की बरं वाटेल म्हणतात. कराडला तुमच्या आई आहेत हे एक बरं आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही, ते मी मनावर घेतलेलं नाही. म्हणून पत्र. शिवाय फोनवर मी काय बोलले असते? सगळं छान आहे म्हणाले असते आणि ठेवला असता.

जुईली मजेत आहे. खरंच. तुमची आठवण काढते, पण रडत नाही. सकाळी स्वतःचा डबा स्वतः पिशवीत ठेवते आणि माझ्याआधी स्कूटीजवळ जाऊन उभी राहते. भूगावला शाळेत पोहोचेपर्यंत माझ्या पाठीला चिकटून बसते.

वर्गातही तिचं उत्तम चाललंय. आमच्या बालविभागाची पद्धत तुम्हाला माहीतच आहे, आधी करून दाखवायचं, मग सांगायचं. आमच्या विभागप्रमुख सुलक्षणाताई म्हणतात, चार वर्षांच्या मुलाला 'शांत बसा' शंभरदा सांगून कळत नाही, ताई शांत बसली की कळतं. म्हणून भिंतीवर दिवसाची चित्रपट्टी लावलेली असते: गोल बसणं, पाणी-वाळूचा कोपरा, घर-कोपरा, डबा, गोष्ट. गाणी सगळी हातवाऱ्यांची. मी हात वर केला की तेवीस हात वर जातात, आणि त्यात पहिला हात जुईलीचा असतो. चित्रपट्टीवरचं पुढचं चित्र कुठलं, हे ती मला आठवण करून देते. मागच्या आठवड्यात बाहेरच्या एका शाळेच्या बाई वर्ग बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ही मुलगी तुमची मॉनिटर आहे का?" मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू.

शुक्रवारी बालदिनाचे खेळ झाले. यंदा एक नवीन खेळ घेतला. डब्यांत तांदूळ, राजमा, खिळे असं काहीबाही भरायचं, मुलांनी डोळे मिटायचे आणि आवाजावरून ओळखायचं. मुलं खूश. जुईलीला मात्र मध्येच डुलकी लागली बहुतेक. सगळ्यांनी डोळे उघडले तरी ही आपली मिटून बसलेली! मुलं हसली, मीही हसले.

हो, एक सहज विचारते. ती पाठमोरी असताना तुम्ही हाक मारली तर लगेच वळायची का? मागे तुम्ही काहीतरी म्हणाला होतात. विशेष काही नाही, वर्गाच्या नोंदींसाठी हवं होतं. मी विचारलं हे आईला कळवू नका.

जिवाला जपा.

तुमची,
सायली


नांदे,
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

हे पत्र वाचायला घेण्याआधी तुमच्या आईंना जवळ बसवून घ्या. जुईली सुखरूप आहे. आत्ता माझ्या शेजारी पालथी पडून हत्ती रंगवते आहे. एवढं नीट वाचून घ्या आणि मगच पुढे वाचा.

दादाच्या फोनवर तुमचा निरोप आला. "सायलीताईंना म्हणावं, वहीतलं माझं पान वाचा." दादाने तो मला दाखवला आणि विचारलं, "कुटलं पान गं?" मी म्हणाले, बघते.

जुईलीला डुलकी लागली नव्हती.

"डोळे उघडा," मी दोनदा म्हणाले. बावीस मुलांनी उघडले. जुईली बसून राहिली. तिने डोळे असे घट्ट मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या, आणि दोन्ही मुठींत फ्रॉक धरला होता. ती वाट बघत होती, वहिनी. खेळ संपलाय हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मी तिच्या गुडघ्याला हात लावला तशी ती इतकी दचकली की शेजारची आरोही रडायला लागली. डोळे उघडल्यावर तिने आधी सगळ्यांचे चेहरे पाहिले. सगळे हसताहेत म्हणून मग तीही हसली.

मी तुम्हाला डुलकी असं लिहिलं. लिहितानाच मला माहीत होतं.

त्या दिवसापासून मी चोरासारखी तिच्या मागे उभी राहते. ताट आपटते, टाळी वाजवते, हळू हाक मारते, मोठ्याने मारते. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "भांडी फुटली व्हय गं समदी?" ताट आपटलं की जुईली वळते. जवळून मोठ्याने हाक मारली की कधी वळते, कधी नाही. हळू हाकेला एकदाही वळली नाही. समोर असले की मात्र सगळं कळतं, कारण ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. हे मी दोन वर्षं पाहते आहे. नोंदवहीत मी त्यापुढे लिहिलंय, "एकाग्रता उत्तम." ती शब्दांची शेवटची अक्षरं गिळते, त्याला आपण सगळे बोबडं म्हणून कौतुक करत आलो.

माझ्याच वर्गाने तिला झाकून ठेवलं. चित्रं, हातवारे, रोजचा ठरलेला क्रम, आणि शेजारच्याचं बघून करायला लावायची आमची सवय. या सगळ्यावर ती इतकी छान चालली की तिला ऐकू कमी येतंय हे कळायला जागाच उरली नाही. आणि मला तिचा अभिमान वाटत होता.

बुधवारी फाटकासमोर सिमेंटचा मिक्सर मागे येत होता. रस्त्यापलीकडच्या साइटवर आता दिवसभर त्यांची ये-जा असते. मागे येताना त्यांची ती बारीक टीटी टीटी चालू असते, आपण घरातही ऐकतो. जुईली रस्त्याच्या कडेला पाठमोरी बसून खडे वेचत होती. मी ओसरीवरून ओरडले. वरच्या खोलीतली मुलं बाहेर आली, इतक्या मोठ्याने ओरडले. ती खडे वेचत राहिली. मी धावत जाऊन तिला उचललं तेव्हा चाक किती लांब होतं ते मी तुम्हाला लिहिणार नाही. तिला काही झालं नाही. तिने माझ्या हातावर दोन खडे ठेवले.

तेव्हापासून मला झोप नाही. ती नजरेआड झाली की मी उठून शोधायला जाते.

मी आईला सांगितलं. आईने आधी जुईलीकडे बघितलं. मग म्हणाली, "बहिरी म्हनू नगंस. हट्टी हाय ती. आपल्या घरात समदीच हट्टी हायेत." मी म्हणाले, वहिनींना कळवायला हवं. तर म्हणाली, "पोटुशी बाई हाय ती, आडवी पडून हाय. तिच्या जिवाला काय झालं तर कुणी निस्तरायचं? आन् गेणबाचं तर तोंडातून काढू नगंस."

तुम्हाला गेणबा काका माहीत नाहीत. म्हणजे भिंतीवरचा फोटो माहीत आहे. तरुणपणी तापात गेले, असं लग्नाच्या बोलण्यात तुमच्या घरच्यांना सांगितलं होतं. काका बावन्न वर्षं जगले. जन्मापासून त्यांना काही ऐकू येत नव्हतं. गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचे. गाव त्यांना काय म्हणायचं ते मी लिहीत नाही. तुमच्या लग्नाआधी दोन वर्षं ते गेले. त्याच वर्षी माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण त्या लोकांना काकांबद्दल कळलं. तेव्हापासून आमच्या घरात तो विषय बंद आहे. मी शाळेत ताई झाले, बालशिक्षणाचे कोर्स केले, पण ती भीती माझ्याही अंगात मुरलेली होती. जुईलीत मला काका दिसतील या भीतीने मी बघितलंच नाही.

हे तुम्हाला आत्ताच सांगायला हवं, कारण तुमच्या पोटात बाळ आहे. मी पुण्यातल्या दवाखान्यात फोन केला होता. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात कोणाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं का? मी हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. त्या म्हणाल्या, मग येणाऱ्या बाळाचे कान जन्मल्याबरोबर तपासून घ्या, आईला सांगून ठेवा. मी कोणालाही न विचारता तुम्हाला सांगते आहे. आईला राग येईल, येऊ दे. तुम्हाला या कागदाने काही झालं तर मी काय करणार, हा विचार मी चार दिवस केला. पण न सांगण्याची भीती त्याहून मोठी आहे.

आता पान.

नोंदवही शाळेतच असते. पालकसभेला पालक शेवटच्या पानावर घरचं काय ते लिहितात, त्याला आम्ही 'घरचं पान' म्हणतो. गेल्या डिसेंबरात तुम्ही लिहिलंत. तुम्ही गेल्यावर मी वही उघडली आणि पहिल्या दोन ओळी वाचल्या, "जुईली पाठमोरी असताना हाकेला वळत नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी पाहिलं." सोमवारी सुलक्षणाताई वह्या तपासणार होत्या. मी पुढे वाचलं नाही. जुईलीने काढलेलं पिवळ्या घराचं चित्र घेतलं आणि चारी कडांना गोंद लावून त्या पानावर चिकटवून टाकलं. सोमवारी सुलक्षणाताई म्हणाल्या, चित्र छान आहे.

मार्चमध्ये तुम्ही कान तपासायची वेळ घेतली होती. दादाने मला विचारलं, कारण घरात शिकलेली ताई मी. मी वही घरी आणली आणि त्याला माझं पान उघडून दाखवलं. "हाकेला ओ देते," समोर बरोबरची खूण, खाली माझी सही. मी ती हाक कधी मारून पाहिली नव्हती. आम्हाला शिकवलेला पहिला नियम असा, की दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. तुम्ही दारात उभ्या होतात. दादाने वेळ रद्द केली. त्यानंतर तुम्ही माझ्याशी कधी नीट बोलला नाहीत. नऊ महिने झाले, वहिनी. या वयातले नऊ महिने काय असतात, हे मी इतर आईबापांना बैठकीत समजावून सांगते.

काल मी सुलक्षणाताईंना सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं, ते अजून ठरायचं आहे. त्या वही चाळून म्हणाल्या, "तिने डोळ्यांनी जे शिकून घेतलं ते खोटं नाही, सायली. ते तिच्याजवळ राहील. पण तिचं जे बुडालं ते आधी लिहून काढ. तारखांसकट." मी ते लिहून काढलंय. दवाखान्यात देणार आहे. वर्गातला खेळही बदलला. आता खेळ संपला की प्रत्येकाने शेजारच्याच्या गुडघ्यावर हलकी टिचकी मारायची. जुईली तरीही डोळे मिटायला तयार नव्हती. शेवटी मिटले, माझा हात धरून. माझ्यावर तिचा अजून विश्वास आहे, हे मला सहन होत नाही.

मंगळवारी, २ तारखेला, सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. दादा येतोय. त्याला मी पानाचंही सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आज सकाळी फक्त म्हणाला, "गाडी मी काढतो." दवाखान्यात काय सांगतील याची मला इतकी भीती वाटते की आकडे मोजत बसते, मंगळवारला किती तास राहिले. कानाला यंत्र लागेल, कदाचित आणखी काही. तुम्हाला मी स्वतः कळवीन, जे असेल ते, जसं असेल तसं. तेव्हा फोन उचला. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

काल रात्री भाताच्या पातेल्याच्या वाफेवर धरून मी ते चित्र सोडवलं. कडांना थोडी शाई निघाली, बाकी सगळं वाचता येतं. टीव्हीजवळ बसते ते लिहिलंय, कुकरच्या शिट्टीचं लिहिलंय. हे पान मी डॉक्टरांच्या हातात देणार आहे, माझ्या नोंदींच्या वर ठेवून. खालची ओळ मी काल पहिल्यांदा वाचली. ती इथे उतरवते, कारण तुम्ही काय लिहिलं होतं ते मी आता वाचलंय, हे तुम्हाला कळायला हवं:

"मी उगाच घाबरत असेनही. पण वर्गात सायलीताई आहेत. त्या आमच्या घरच्या आहेत, त्यांच्या नजरेतून काही सुटणार नाही, म्हणून निर्धास्त आहे."

तुमचं पान झाकणारी,
सायली