टेम्पोतली गादी आणि लोखंडाचा अणू

चिपळूण, ४ जुलै २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. कॉलेजातल्या नोकरीसाठी नमुन्याचा तास दिला. अणूतल्या कप्प्यांत, म्हणजे ऑर्बिटलमध्ये, इलेक्ट्रॉन कसे भरतात ते छान जमलं. लोखंडात ४एस नावाचं ऑर्बिटल आधी भरतं, मग ३डी. पण लोखंड दोन इलेक्ट्रॉन गमावतं तेव्हा मी ते ३डीतून काढले आणि तुझंच वाक्य ठोकून दिलं, की टेम्पोत शेवटी चढलेली गादी आधी उतरते. परीक्षक बाई हसल्या गं! १९ तारखेला पुन्हा तास घ्यायचाय. तो बिघडला तर नोकरी गेली. आत्या, मलाच चुकीचं आठवतंय ना?

तुझी धास्तावलेली भाची,
सुरुची

गोडदेव, भाईंदर पूर्व, ९ जुलै

चि. सुरुचीस,
अनेक आशीर्वाद.

तुला बरोबर आठवतंय. चूक माझी आहे. गिरगावातून इथे सामान हलवलं तेव्हा हे गादीचं सुचलं. मुलांना आवडलं, म्हणून मी पुस्तक उघडून पाहिलंच नाही. शहाणीच मी! एकवीस वर्षं तेच शिकवलं. भरताना ४एस आधी, हे खरं. पण ३डी भरू लागलं की ४एस बाहेरचं ठरतं आणि निघताना आधी तेच रिकामं होतं. ३डीतले सहाच्या सहा इलेक्ट्रॉन जागेवर राहतात. परीक्षकांना माझं नाव खुशाल सांग.

माझ्या नोट्सची मूळ प्रत अजून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या हंसाबेनकडे आहे. दर जूनला मुलं प्रती नेतात. आज जाऊन ते पान लाल पेनने सुधारलं. हंसाबेन म्हणाली की लालही काळंच छापेल, कोणाला कळणार नाही. म्हणून बाजूला लिहून आले, 'आधीची ओळ चूक. चूक माझी. मृणालिनी.' लाज वाटली, खोटं कशाला बोलू? एक प्रत सोबत पाठवतेय. वेळेवर जेवत जा.

तुझ्या काळजीत,
आत्या

चिपळूण, २० जुलै

ती. आत्यास,
सा. न.

नोकरी मिळाली! तुझं नाव घेणार नव्हते. पण हे कोणी सुधारलं असं बाईंनी विचारलं, तेव्हा तुझं पानच पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि स्वतःसाठी एक प्रत मागून घेतली.

सोमवारी वर्गात हेच पान वाटणार आहे. इथले सगळे म्हणतात, नीट टाइप करून घे. मी नाही करणार. टाइप केलं तर चुकीची ओळ जाईल, आणि तिच्याबरोबर तुझी सहीही.

फोनवर अशीच हक्काने रागवत राहा.
तुझी सुरुची