पहिला क्रमांक परत घेण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
वीज बचत कक्ष, विभागीय वीज कार्यालय

विषय : 'आदर्श बचत कुटुंब' प्रमाणपत्र परत घेणेबाबत व दुसऱ्या मजल्यावरील तपासणीची वेळ बदलणेबाबत.

संदर्भ : १) जोडणी नाकारल्याचे आपले पत्र. २) आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

१. शेजारच्या देशात लढाई पेटल्यापासून बाहेरून येणारे इंधन आटले आहे. आयातीवरची भिस्त कमी व्हावी म्हणून आपण रोज दुपारी एक ते चार वीज बंद ठेवता, त्याबद्दल तक्रार नाही. मी बत्तीस वर्षे सरकारी टंकलेखिका होते. परिपत्रकाचा मान कसा राखावा हे मला कोणी शिकवायला नको.

२. माझे यजमान प्राणवायूच्या यंत्रावर होते. दुपारीही चालू राहणाऱ्या रुग्णालयाच्या वाहिनीवरून जोडणी मिळावी म्हणून मी अर्ज केला. आपले तपासनीस दुपारी अडीचला आले. वीज नसल्याने यंत्र बंद होते आणि यजमान सिलिंडरवर होते. तपासनिसांनी 'यंत्र बंद आढळले, वापरात नाही' असा शेरा मारला. मी म्हटले, "साहेब, चारनंतर या, चालू दिसेल." ते म्हणाले, "आजी, आमची फेरी दुपारचीच असते." जोडणी नामंजूर झाली.

३. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला सिलिंडरची गाडी डिझेलअभावी आली नाही. यजमान दोन वाजून वीस मिनिटांनी गेले. वीज चारला आली, अगदी वेळेवर. यंत्र आपोआप सुरू झाले. ते बंद करायला मी बराच वेळ उठले नाही.

४. आता घरात एक दिवा लागतो. वापर बासष्ट टक्के घटला म्हणून आपण मला प्रभागात पहिला क्रमांक दिलात आणि ही बचत पुढेही टिकवावी असे कळवलेत. ती टिकेल, काळजी नसावी. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर लावायला हात धजत नाही. खरे सांगायचे तर मला आपला फार राग आला आहे.

५. यंत्र मी दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याच्या आईला दिले. तिचाही अर्ज आपल्याकडे आहे. तिची तपासणी येत्या मंगळवारी ठेवली आहे, दुपारी अडीचला. यंत्र तेच, क्रमांक तोच, आणि आपल्या दप्तरी ते वापरात नाही.

तरी तपासनिसांना एकदाच सकाळी पाठवावे, एवढीच विनंती. हे लिहिताना खालून यंत्राचा आवाज येतो आहे. एक वाजता तो थांबेल.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त टंकलेखिका
दिनांक : १९ मार्च

सोबत : प्रमाणपत्र, चौकटीसह.